मोटर मोठी कीं सारथी शहाणा?

ओझ्याची गाडी चढणीवर अडली, तर खेड्यांतील जाणता माणूस लगेच नवी बैलजोडी शोधावयास धांवत नाहीं. आंसाला वंगण आहे कीं नाहीं, जुवाच्या शिवळा नीट बसल्या आहेत कीं नाहींत, हें तो आधीं पाहतो. आणि मग गाडीवानाकडे पाहतो. बैल तेच आणि गाडी तीच असली, तरी ज्याला दोन्ही जनावरांचा जोर एकाच क्षणीं एकवटतां येतो, तो गाडी काढतो. ज्याला तें साधत नाहीं, त्याच्या हातीं केवळ आसूड राहतो. हें शहाणपण आपण बैलांच्या बाबतींत पिढ्यान्‌पिढ्या जतन केलें. परंतु बैलाच्या जागीं विजेची मोटर येतांच आपण तें विसरलों, अशी आमची तक्रार आहे. यंत्र अडलें कीं "मोटर लहान पडली, मोठी घाला" हा एकच उपाय सर्वत्र सुचविला जातो. आणि मोटरीस वीज पुरविणाऱ्या पेटीकडे, म्हणजे यंत्राच्या खऱ्या गाडीवानाकडे, कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं.

हा विषय आज हातीं घेण्याचें कारण आरे कॉलनींतील एका गोठ्यांत आम्हीं जें पाहिलें तें होय. मुंबईच्या दाट वस्तींतील म्हशींचे गोठे बाहेर काढून जनावरांस मोकळी जागा द्यावी आणि शहरास स्वच्छ दूध मिळावें, ह्या हेतूनें गोरेगांवच्या पूर्वेस ही वसाहत १९४९ सालीं उभी राहिली. दारा खुरोडी ह्यांचें नांव तिच्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. १९६३ सालचें मॅगसेसे पारितोषिक त्यांस त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन ह्यांच्या बरोबरीनें मिळालें. वसाहतीची जमीन उंचसखल आहे. गोठे, गवताचीं कुरणें आणि आदिवासी बांधवांचे पाडे ह्यांस जोडणाऱ्या वाटांवर चढउतार फार. अशा जागीं म्हशींपुढें वैरण व पेंड नेऊन टाकणें आणि मागचें शेण ओढून बाहेर काढणें, हें काम रोज सकाळ-संध्याकाळ, सणवार न पाळतां, करावेंच लागतें. आणि तें बहुतेक माणसाच्या पाठीवर व मनगटावर चालतें. म्हणून बॅटरीवर चालणारी लहान ढकलगाडी ही अशा गोठ्यांत चैनीची वस्तु नव्हे. ती गड्याची कंबर वांचविणारी वस्तु आहे.

आम्हीं पाहिलेली गाडी अशीच होती. चोवीस व्होल्टांची बॅटरी, अडीचशें वॅटची डी.सी. मोटर, मधें साखळी. सपाट फरशीवर ती झकास धांवे. पण दोन पोतीं सरकीची पेंड घालून गोठ्याच्या उतरत्या दारवठ्यावर ती थांबली, कीं तेथून पुन्हां निघणें मुष्कील. मोटर नुसती गुणगुणे, चाक जागचें हलत नसे, आणि थोड्याच वेळांत पेटी तापून बंद पडे. मग दोन गडी मागून खांदा लावीत. माणसाचे कष्ट वांचविण्यासाठीं आणलेलें यंत्र माणसांनींच ढकलावें, ह्याहून मोठी थट्टा ती कोणती! विकणाऱ्यानें सल्ला दिला कीं पांचशें वॅटची मोटर बसवा. मोठी मोटर म्हणजे मोठी बॅटरी, मोठी बॅटरी म्हणजे अधिक वजन, आणि अधिक वजन म्हणजे पुन्हां तीच चढण अधिक कठीण. गोठ्याचे मालक ह्या खर्चास जवळजवळ तयार झाले होते. सुदैवानें एका जाणत्या तरुण कारागिरानें आधीं पेटी उघडून पाहिली. ती मोटरीस पंधरा अँपिअरहून अधिक प्रवाह देतच नव्हती, आणि बॅटरीपासून आलेल्या तारा बोरूच्या काडीसारख्या बारीक होत्या. थोडा वेळ तीस अँपिअर देणारी पेटी बसविली, तारा जाड घातल्या, आणि त्याच मोटरीनें तीच गाडी तीच चढण चढली.

ह्यांत चमत्कार कांहीं नाहीं. कायम चुंबकाच्या डी.सी. मोटरीचा फिरविण्याचा जोर, ज्यास यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात, तो तिच्या गुंडाळींतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या प्रमाणांत असतो. प्रवाह दुप्पट, तर जोर दुप्पट. मोटर फिरूं लागली म्हणजे ती स्वतःच एक उलट दाब उत्पन्न करते, त्यामुळें वेग वाढतो तसतसा प्रवाह आपोआप कमी होतो. उलटपक्षीं मोटर थांबलेली असतांना हा उलट दाब मुळींच नसतो. प्रवाहास अडविणारा असतो तो केवळ गुंडाळीचा रोध. समजा तो ०.३ ओहम आहे. मग चोवीस व्होल्टांची बॅटरी सरळ जोडली असतां ऐंशी अँपिअर वाहूं पाहतील. म्हणजे थांबलेल्या मोटरींत जोराची वाण नसते; तेथें जोर इतका असतो कीं आंवरला नाहीं तर मोटर जळेल, दांते तुटतील. हा जोर किती, केव्हां आणि किती वेळ वापरूं द्यावयाचा, हें ठरविणारी जी पेटी, तिला बाजारांत ड्रायव्हर किंवा कंट्रोलर म्हणतात. आपण तिला सारथी म्हणूं. मंद गतीचा जोर हा मोटरीच्या अंगीं असतो खरा, पण हातीं येतो तो सारथ्याच्या मर्जीनें.

मुंबईकरांस हा विषय नवा वाटूं नये, कारण एक शतकभर तो त्यांच्या पायाखालून धांवत आला आहे. १९०७ सालीं मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. ती १९६४ पर्यंत चालली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत पंधराशें व्होल्टांच्या डी.सी. विजेवर देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली, आणि १९२८ सालीं बी.बी.सी.आय. रेल्वेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत, म्हणजे ह्याच गोरेगांवावरून, तशा गाड्या सुरू झाल्या. माणसांनीं खचाखच भरलेली गाडी स्थानकांतून उचलावयाची, म्हणजे शून्य वेगाला प्रचंड जोर हवा. त्याकाळीं मोटरमनच्या हातीं जो दांडा असे, त्यानें प्रथम मोटरी एकामागें एक जोडल्या जात व मार्गांत रोधकें घातलीं जात. वेग वाढला कीं रोधकें एकेक करून काढीत, आणि पुढें मोटरी शेजारी-शेजारी जोडून घेत. प्रवाह आटोक्यांत राही, जोर मिळे. परंतु रोधकांत पुष्कळ वीज उष्णता होऊन जाई. त्या डी.सी. विजेचा जमाना मुंबईत आतां संपला. पश्चिम रेल्वेवर तो २०१२ सालीं आणि शेवटीं हार्बर मार्गावर २०१६ सालीं. पण गोठ्यांतील ढकलगाडीपुढें आज जो प्रश्न आहे, तोच त्या गाड्यांपुढें होता: थांबलेल्या मोटरीस भरपूर प्रवाह द्यावा कसा, आणि तोहि बॅटरी न पिळतां?

आजच्या चांगल्या सारथ्यानें ह्या प्रश्नास दिलेलें उत्तर फार सुंदर आहे. तो मार्गांत रोधक घालीत नाहीं. तो बॅटरीचा पूर्ण दाब सेकंदास हजारों वेळां लावतो व काढतो. चालू काळाचें प्रमाण एक-पंचमांश असेल, तर मोटरीस सरासरीनें एक-पंचमांश दाब मिळतो. दाब काढलेल्या क्षणीं मोटरीच्या गुंडाळींतील प्रवाह एकदम तुटत नाहीं; त्यास परत फिरावयास वाट दिली, तर तो मोटरींतल्या मोटरींत वाहत राहतो. ह्याचा परिणाम असा कीं बॅटरीकडून थोडा प्रवाह अधिक दाबानें घेतला जातो आणि मोटरीस अधिक प्रवाह थोड्या दाबानें मिळतो. वर सांगितलेल्या मोटरीस थांबल्या जागीं तीस अँपिअर हवे असतील, तर ०.३ ओहमच्या रोधांतून ते वाहण्यास नऊ व्होल्ट पुरतात. तीस अँपिअर आणि नऊ व्होल्ट, म्हणजे २७० वॅट. चोवीस व्होल्टांच्या बॅटरीकडून एवढी वीज घेण्यास अकरा-बारा अँपिअर पुरेत. रोधक घालून हेंच केलें असतें, तर बॅटरीस पुरे तीस अँपिअर, म्हणजे ७२० वॅट द्यावे लागले असते, आणि त्यांतील ४५० वॅट रोधकांत जळून गेले असते. सारांश, चांगली पेटी ही विजेची गतिपालट आहे. दांत्यांच्या चाकांनीं वेग देऊन जोर घ्यावा, तशी ती दाब देऊन प्रवाह घेते.

ह्यावरून खरेदी करणाऱ्यानें विचारावयाचा पहिला प्रश्न निघतो: पेटीवर लिहिलेली प्रवाहाची मर्यादा बॅटरीच्या बाजूची आहे कीं मोटरीच्या बाजूची? ह्या दोन आंकड्यांत मंद गतीच्या वेळीं दुपटी-तिपटीचें अंतर असतें, आणि जोर ठरतो तो मोटरीच्या बाजूच्या प्रवाहावर. ज्या विक्रेत्यास हा प्रश्न समजत नाहीं, त्याच्या "भरपूर जोर" ह्या शब्दांस कांहीं अर्थ नाहीं.

दुसरा दोष लहान मोटरींत विशेष आढळतो. बी पेरण्याच्या यंत्रांतील दाणे सोडणारें रूळ, पेंड मोजून टाकणारी मळसूत्री नळी, पाण्याचा कॉक उघडणारी मोटर, अशा कामांसाठीं आपले हौशी तरुण व तंत्रशाळेचे विद्यार्थी घरच्याघरीं यंत्रें जुळवूं लागले आहेत. ही गोष्ट मोठ्या आनंदाची आहे. परंतु त्यांतील बहुतेक जण सवयीनें एल २९८ ह्या जुन्या चकतीची पेटी वापरतात, कारण ती स्वस्त असून सर्वत्र मिळते. ही चकती जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांची आहे. तिच्यांतून प्रवाह जातांना एका अँपिअरला ३.२ व्होल्टपर्यंत आणि दोन अँपिअरला ४.९ व्होल्टपर्यंत दाब तिच्यांतच खर्चीं पडूं शकतो, असें तिचे कर्तेच सांगतात. पूर्ण वेगानें चालतांना ही घट फारशी जाणवत नाहीं. पण मंद गतीला ती जोराचा बहुतेक भाग खाऊन टाकते.

हिशेब करून पाहूं. बारा व्होल्टांची बॅटरी, एक ओहमची मोटर, आणि चालू काळ एक-पंचमांश. दाबाची घट मुळींच नसती, तर सरासरी २.४ व्होल्ट, म्हणजे २.४ अँपिअर मिळाले असते. आतां चालू काळांत पेटी दोन व्होल्ट खाते आणि बंद काळांत फिरत्या प्रवाहाच्या वाटेंत दीड व्होल्ट खाते असें धरा. चालू काळाचे दहा व्होल्टांचे एक-पंचमांश म्हणजे दोन. त्यांतून बंद काळाचे दीड व्होल्टांचे चार-पंचमांश, म्हणजे १.२, वजा जातां उरले ०.८. प्रवाह ०.८ अँपिअर, जोर एक-तृतीयांश! मोटर तीच, बॅटरी तीच, पण दोन-तृतीयांश जोर वाटेंतच लुटला गेला. त्या उलट मॉस्फेट जातीच्या पेटींत रोध इतका अल्प असतो कीं दोन-अडीच अँपिअरला घट व्होल्टच्या दशांशांत मोजावी. अशी पेटी थोडी महाग पडते. परंतु दुप्पट मोटरीपेक्षां ती निश्चित स्वस्त असते.

तिसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे, आणि तीच पुष्कळांस चकविते. दाब काढलेल्या काळांत पेटी मोटरीशीं कसें वागते? कांहीं पेट्या, किंवा त्यांस चुकीच्या रीतीनें जोडलें असतां चांगल्या पेट्याहि, त्या काळांत मोटरीचीं दोन्ही टोकें मोकळीं सोडतात. मग गुंडाळींतील प्रवाहास बॅटरीच्या पूर्ण दाबाविरुद्ध वाहावें लागतें आणि तो क्षणांत मरतो; पुढच्या ठोक्याला पुन्हां शून्यापासून आरंभ. बंद काळांत टोकें आपसांत जोडणाऱ्या पेटींत प्रवाह अखंड राहतो, आणि मंद गतीला जोर व वेग दोन्ही हातांतल्या कळीप्रमाणें चढतात. "ठोके मंद केले कीं मोटर लवकर उचलते" अशी जी कारागिरांत समजूत आहे, तिचें मूळ येथें आहे. टोकें मोकळीं सोडणाऱ्या पेटींत सेकंदाचे ठोके वीस हजारांवरून शेंदोनशेंवर आणले, तर प्रत्येक ठोक्यास प्रवाह वाढावयास सवड मिळते आणि मोटर घुरघुरत कां होईना उचलते. पण तो रोगावरील लेप आहे. तुटक प्रवाह सरासरीच्या मानानें मोटर अधिक तापवितो आणि दांत्यांस धक्के देतो. खरा उपाय म्हणजे प्रवाह अखंड ठेवणारी पेटी घेणें व ती तशी जोडणें. मग ठोके वीस हजार असले तरी जोर कमी होत नाहीं, आणि कानांस त्रास नाहीं तो निराळाच लाभ.

येथें एक सावधगिरीची सूचना. बाजारांतील मोठे आंकडे जसेच्या तसे खरे मानूं नयेत. बीटीएस ७९६० ह्या चकतीची जोडपेटी हल्लीं पुष्कळ खपते, व तिच्यावर "४३ अँपिअर" असें ठळक छापलेलें असतें. पेटी चांगली आहे. तिच्या मार्गाचा रोध सोळा सहस्रांश ओहम इतकाच आहे. पण ४३ हा आंकडा तिनें स्वसंरक्षणार्थ प्रवाह छाटण्याचा आहे; तो दिवसभर वाहण्याचा नव्हे. शिवाय ती २७.५ व्होल्टपर्यंतच चालावयाची. चोवीस व्होल्टांची म्हणून ओळखली जाणारी शिशाची बॅटरी भरतीवर असतां अठ्ठावीस व्होल्टांच्या पुढें जाते, ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यास रात्रीं भरतीला लावलेली गाडी सकाळीं मुकी झालेली आढळावयाची. बारा व्होल्टांच्या कामास ती योग्य. चोवीसच्या कामास अधिक दाब सोसणारी पाहावी.

आतां आमच्यावर उलट आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा कीं, सारथी कितीहि शहाणा असला तरी मरतुकड्या बैलाकडून तो काय काढणार? अगदीं खरें. प्रवाह दुप्पट केल्यानें जोर दुप्पट होतो, पण गुंडाळींतील उष्णता चौपट होते. मंद फिरणाऱ्या मोटरीचा पंखाहि मंद फिरतो, आणि पूर्ण थांबलेल्या मोटरींत सर्व प्रवाह कम्युटेटरच्या त्याच त्या पट्ट्यांवर भाजत राहतो. अति प्रवाहानें चुंबकहि दुबळे होतात. म्हणून चढणीचा अधिक जोर हा कांहीं सेकंदांचा पाहुणा आहे. पेटीनें तो मोजून द्यावा व परत घ्यावा. ज्या गाडीस दिवसभर चढणच चढावयाची आहे, तिला दांत्यांचीं चाकें बदलून वेग कमी व जोर अधिक करून घेणें हाच उपाय. गिअरची बरोबरी कोणतीहि पेटी करीत नाहीं, आणि आम्ही तसा दावाहि करीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आधीं पेटी पाहा, मग तारा, मग गिअर, आणि सर्वांत शेवटीं मोटर. आज हा क्रम नेमका उलटा चालला आहे.

तारांचा उल्लेख सहज केला नाहीं. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची जाऊन-येऊन सहा मीटर लांबी झाली, तर वीस अँपिअरला दोन व्होल्टांहून अधिक दाब तारेंतच जातो. पेटीवर शंभर रुपये अधिक खर्चून तारेंत दहा रुपये वांचविणारा मनुष्य मोटेचें नवें कातडें घेऊन जुना सोल तसाच ठेवणाऱ्यासारखा होय.

दुसरा आक्षेप असा कीं, ब्रश असलेल्या मोटरींचे दिवस गेले. आतां ब्रशलेस मोटर घ्यावी म्हणजे हा सारा खटाटोप उरत नाहीं. ब्रशलेस मोटर चांगली, टिकाऊ, व कमी विजेंत अधिक काम देणारी आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती तर सारथ्याविना एक फेराहि फिरत नाहीं. त्यांतहि जिच्यांत चुंबकाची जागा ओळखणारे हॉल संवेदक नाहींत, तिच्या साध्या पेटीस थांबलेल्या स्थितींत चुंबक कोठें आहे हेंच कळत नाहीं; म्हणून ओझें घेऊन उठतांना ती चांचपडते, थरथरते, मागेंपुढें होते. पंख्यास किंवा फवारणीच्या विमानास ती चालते, कारण तेथें आरंभीं ओझें नसतें. गाडीस व मळसूत्रास संवेदक असलेलीच घ्यावी. म्हणजे पुन्हां प्रश्न सारथ्याचाच.

प्रत्येक यंत्रास मंद गतीचा जोर लागतो असेंहि नाहीं, आणि जेथें तो लागत नाहीं तेथें त्यासाठीं पैसे खर्चूं नयेत. विहिरीवरील पंख्याच्या जातीच्या पंपास आरंभीं फार थोडा जोर लागतो. वेग वाढेल तसा वर्गाच्या प्रमाणांत तो वाढतो. सौर पंपाच्या पेटींत पाहावयाचें तें निराळें, म्हणजे कमीअधिक उन्हांतून ती जास्तींत जास्त वीज कशी काढते तें. दट्ट्याच्या किंवा मळसूत्राच्या पंपास मात्र पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर हवा. कडबा कापण्याच्या यंत्रास जड चाक असतें. एकदां तें वेगांत आलें म्हणजे पेंढीचा घाव तें चाकच सोसतें. तेथें हळूहळू वेग चढविणारी पेटी पुरे. मात्र कुट्टीयंत्रास, बंद पडून आपोआप पुन्हां सुरू होणारी पेटी कदापि बसवूं नये. अडकलेली वैरण काढण्यासाठीं कोणी हात घातला असतां यंत्र स्वतःहून फिरूं लागलें, तर काय होईल हें सांगावयास नको. हात गेल्यावर कोणत्याहि संघाची मदत तो परत आणीत नाहीं.

दाणे सोडणाऱ्या रुळासारख्या कामांत आणखी एक गोष्ट लागते. जमीन कठीण-मऊ आली, दाणा अडकला, कीं ओझें बदलतें आणि वेगहि बदलतो. मग बी कोठें दाट, कोठें विरळ पडतें. तेथें मोटरीच्या दांड्यास फेरे मोजणारा संवेदक लावावा, आणि वेग पडतांच प्रवाह वाढविणारी पेटी घ्यावी. गाडीवान जसा चढण दिसतांच बैलांस हांक देतो आणि उतारावर कासरा ओढतो, तसें हें काम आहे. मंद व सम गति हवी असेल, तर डोळे झांकून चालणारा सारथी उपयोगाचा नाहीं.

आतां आपल्या संघास आमची विनंति. सभासदांसाठीं बॅटरीवर चालणारीं यंत्रें एकत्र खरेदी करावयाचीं झाल्यास, वॅट आणि किंमत ह्या दोनच आंकड्यांवर निविदा मान्य करण्याचा प्रघात सोडावा. विक्रेत्याकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्या. पेटी मोटरीस सतत किती अँपिअर देते, थोड्या वेळापुरते किती देते, आणि तो वेळ किती. त्या प्रवाहाला पेटींत दाबाची घट किती. बंद काळांत प्रवाह अखंड राहतो कीं तुटतो. भरतीवरील बॅटरीचा दाब पेटीस सोसतो कीं नाहीं. आणि तापून बंद पडल्यास ती पुन्हां सुरू कशी होते. हीं पांच उत्तरें ज्याच्याजवळ नाहींत, त्याचें यंत्र कितीहि चकचकीत असलें तरी घेऊं नये.

आणि कागदापेक्षां चढणीवर विश्वास ठेवावा. आपल्या गोठ्याची किंवा शेताची सर्वांत वाईट चढण निवडावी. दहा पावलांत एक पाऊल उंची असेल, तर दर क्विंटल वजनामागें केवळ चढणीची ओढ सुमारें दहा किलोची होते. खडबडीत वाटेचे तीन-चार किलो त्यांत मिळवावे. गाडी पूर्ण भरावी, दोरीस स्प्रिंगचा कांटा लावून खरी ओढ मोजावी, आणि मग त्याच जागीं थांबलेल्या गाडीस लागोपाठ पांच वेळां उठवून पाहावें. नंतर मोटरीस आणि पेटीस हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल, तर व्यवहार तेथेंच थांबवावा. ह्या परीक्षेस अर्धा तास पुरतो, व कांटा प्रत्येक गांवांत असतो. ज्या विक्रेत्यास ही परीक्षा नको असेल, त्यानें आपलें उत्तर दिलेंच म्हणून समजावें.

शेवटीं एकच सांगावयाचें. बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चालवून पाहतों, नांगरास जुंपून पाहतों. यंत्र घेतांना मात्र रंग पाहतों आणि आंकडा वाचतों. ज्या कष्टकऱ्याच्या पाठीवरचें ओझें उतरावें म्हणून आपण पैसे मोजतों, त्यालाच तें यंत्र चढणीवर ढकलावें लागत असेल, तर दोष यंत्राचा अर्धा आणि आपल्या परीक्षेचा अर्धा. आरेच्या त्या गोठ्यांतील गडी आतां गाडीमागें रिकाम्या हातांनीं चालतात. तेवढ्यासाठीं नवी मोटर लागली नाहीं. कोणीतरी पेटी उघडून पाहण्याची तसदी घेतली, एवढेंच लागलें. ही तसदी आपल्या सर्व सभासद बंधु-भगिनींनीं घ्यावी, इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.